अक्षर एकीकडे, कर्सर दुसरीकडे

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतून मराठी लेखन आता पुष्कळदा संगणकावर होते. कुलवृत्तान्त असो, मंडळाचा अहवाल असो वा लग्नपत्रिकेचा मसुदा असो. मात्र काही टेक्स्ट एडिटरमध्ये मराठी लिहिताना कर्सरची लुकलुकणारी रेघ भलतीकडेच दिसते. ओळ संपते तेथून ती दोन बोटे पुढे उभी असते आणि एक अक्षर खोडावयास जावे, तो शेजारचेच नाहीसे होते. मग घरातील मुले कंटाळून मराठी रोमन लिपीत लिहू लागतात. म्हणून या दोषाचे कारण व उपाय आम्ही येथे देत आहो.

माळव्यातील वाचकांच्या परिचयाचा ‘क्षिप्रा’ हा शब्द घेऊ. आपल्या दृष्टीने ही दोन अक्षरे. संगणक मात्र क, हलन्त, ष, ऱ्हस्व इकार, प, हलन्त, र आणि काना असे आठ संकेत साठवितो. त्यांतही इकार साठविला जातो व्यंजनानंतर, पण दिसतो आधी. १९९१ साली आलेल्या युनिकोडने ही मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतली. तीत दोष नाही. असंख्य जोडाक्षरे थोड्या संकेतांत सामावतात, हा तिचा गुणच होय.

घोटाळा होतो तो मोजणीत. प्रत्येक चिन्ह एका ठराविक रुंदीच्या घरात बसते, असे रोमन लिपीसाठी रचलेले काही एडिटर गृहीत धरतात. चार व्यंजनांना ते चार घरे देतात. पडद्यावर मात्र ‘क्ष’ आणि ‘प्र’ ही दोनच रूपे उमटतात. असे शब्द ओळीत वाढले की कर्सर दूर दूर जातो.

उपाय कठीण नाहीत. प्रथम, मजकूर बिघडला असे समजून तो खोडू नये. बहुधा चूक केवळ दर्शनाची असते. फाइल जतन करून पुन्हा उघडावी. टर्मिनलमधील एडिटरऐवजी स्वतंत्र खिडकीत चालणारा, अक्षरजुळणी जाणणारा एडिटर घ्यावा. ‘ईमॅक्स’ने २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून त्यासाठी ‘हार्फबझ’चा आधार घेतला आहे. ‘नोटो सान्स देवनागरी’सारखा संपूर्ण देवनागरी फॉन्ट निवडावा.

एक गोष्ट मात्र दोष मानू नये. बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी एकेक संकेत खोडते. ‘क्षिप्रा’चा प्रथम काना जातो, मग र जातो आणि ‘क्षिप्’ उरते. मात्रा चुकली तर सबंध अक्षर पुन्हा लिहावे लागू नये, यासाठी ही सोय आहे.

एडिटर रचणाऱ्यांसाठीही नियम आता स्पष्ट आहे. २०२३ च्या युनिकोड १५.१ ने देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम घातला. आपल्या घरातील कोणी मुलगा वा मुलगी या व्यवसायात असेल, तर त्यांनी आपला एडिटर ‘क्षिप्रा’ लिहून एकदा अवश्य तपासावा.