ड्रेन बोल्टचा वॉशर आणि भिसे खिंडीचा चढ

मोटारीच्या इंजिनातील ऑइल केवळ वंगणासाठी असते असा सर्वसाधारण समज असला, तरी फिरत्या भागांची उष्णता वाहून नेणे, ज्वलनातून निर्माण होणारी काजळी स्वतःत धरून ठेवणे आणि धातूला गंजू न देणे ही कामेही तेच करीत असते, आणि म्हणूनच ते ठरावीक अंतरानंतर बदलावे लागते. लहान मोटारीत साधारणपणे तीन ते चार लिटर ऑइल मावते व ते इंजिनाच्या तळाशी असलेल्या टाकीत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘चेंबर’मध्ये, साठते. कोणत्या कंपनीचे ऑइल चांगले याची गाडीमालक जेवढी चौकशी करतात, तेवढी चौकशी चेंबरच्या बोल्टखालच्या वॉशरची सहसा होत नाही. वास्तविक निष्काळजी सर्व्हिसिंगमधील बरेचसे नुकसान तेथूनच सुरू होते.

जुने ऑइल ज्या वाटेने काढतात तो ड्रेन बोल्ट आवळताना त्याखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर चेपला जाऊन फट बुजते, आणि एकदा चेपलेला वॉशर पुन्हा तितका घट्ट बसत नाही. काही रुपयांचा हा वॉशर न बदलता गळती थांबवण्यासाठी बोल्टच जोर लावून पिळला, की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. फिल्टरची चूक याहून फसवी असते. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवला गेला, तर गाडी उभी असताना काहीच दिसत नाही. मात्र इंजिन चालू होऊन ऑइलचा दाब वाढला, की रिंग सरकून काही मिनिटांत चेंबर रिकामे होऊ शकते.

पेणहून वडखळ, नागोठणे या मार्गाने रोह्याला निघालेल्या गाडीची वॉशरपाशी होणारी सावकाश गळती सपाट महामार्गावर कदाचित जाणवणार नाही. पण नागोठण्यापुढे भिसे खिंडीच्या चढाला लागल्यावर उरलेले ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकते, पंपाची जाळी उघडी पडून तो हवा ओढू लागतो आणि लाल दिवा लागतो. हा दिवा ऑइल कमी झाल्याचा नव्हे, तर दाब गेल्याचा असतो, त्यामुळे ‘रोह्यापर्यंत जाऊ, मग बघू’ हा विचार बेअरिंग जाण्यास पुरेसा ठरतो. अशा वेळी गाडी तेथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करणे हाच उपाय आहे.

कमी ऑइल घातक असते हे सर्वांना पटते, जास्त ऑइलचे मात्र पटत नाही. साडेतीन लिटरच्या इंजिनात चार लिटरचा डबा ‘राहू दे, वाया कशाला’ म्हणून पूर्ण ओतला, तर फिरता क्रँकशाफ्ट ऑइलला घुसळून फेस आणू शकतो, आणि फेसाळ ऑइल भागांमधील थर टिकवू शकत नाही. शिवाय ऑइल सीलवर ताणही येतो. ग्रेडचेही तसेच आहे. 5डब्ल्यू-30 यातील पहिला आकडा थंड इंजिनातील आणि दुसरा तापलेल्या इंजिनातील ऑइलचा दाटपणा दर्शवतो, तेव्हा पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडऐवजी पिंपात असेल ते ओतणे हे अंदाजपंचे काम होय. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांच्या, धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांना कमी राख सोडणारे ऑइल लागते. भलते ऑइल घातल्यास तो महागडा फिल्टर हळूहळू तुंबतो.

ऑइलची पातळी पाहायची ती सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबल्यावर: काडी बाहेर काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत सारून काढावी, आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते गॅरेजच्या दारातच पाहावे. डिझेल गाडीचे नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते, त्यावरून ते बदललेच नाही असा आळ मेकॅनिकवर घेणे योग्य नव्हे. दुधाळ रंग मात्र पाणी शिरल्याची खूण असू शकतो. ऑइलचा ग्रेड, भरलेले प्रमाण आणि किलोमीटरचा आकडा नोंदवलेले बिल जपून ठेवल्यास, सदोष सेवेची तक्रार अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत नेताना ते उपयोगी पडते. गळतीची खात्री करण्यासाठी रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरण्याची पद्धत चांगली आहे, परंतु कोकणातल्या पावसाळ्यात तो छपराखालीच अंथरावा लागतो, कारण उघड्या अंगणात पडलेला थेंब सकाळपर्यंत पागोळ्यांबरोबर वाहून गेलेला असतो.