झडपेचं काम कोण करणार, हे विचारा



घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायची तर आपण दात बघतो, कितव्या वेताची ते विचारतो, दूध काढून बघितल्याशिवाय पैसे मोजत नाही. पण घरच्या लेकीसुनेच्या हृदयाच्या झडपेत फुगा घालायचा म्हटलं, की मुकाट्याने कागदावर सही करतो. "साहेब, हे काम तुम्ही किती वेळा केलंय?" एवढं विचारायचं धाडस होत नाही. नर्स असताना अशा सह्या मी स्वतः कितीतरी घेतल्या आहेत.

आपल्याला वाटतं, हृदयाचे डॉक्टर सगळे सारखेच. एमबीबीएस आणि इंटर्नशिपची साडेपाच वर्षं, एमडीची ३, मग डीएम कार्डिऑलॉजीची ३, अशी साडेअकरा वर्षं त्यांची जातात. (एमडीला आरक्षण आहे, डीएमच्या प्रवेशाला नाही. त्यावर एकदा वेगळं लिहावं लागेल.) इतकं शिकून त्यांचा हात बसतो तो मुख्यतः अँजिओप्लास्टीवर, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीतला अडथळा मोकळा करण्यावर. झडप अरुंद होणं, ती गळणं, कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक असणं, हे मात्र रचनेचे दोष. डॉक्टर त्याला स्ट्रक्चरल हार्ट डिसीज म्हणतात. छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून आत जाऊन हे दोष दुरुस्त करायला शिकण्यासाठी डीएमनंतर बहुधा वर्षभराची फेलोशिप असते. तिथे डॉक्टर जाणत्या माणसाच्या शेजारी उभा राहून शिकतो. इकोवर झडपेचं माप कसं घ्यायचं, आतला पडदा नेमका कुठे टोचायचा, फुगा किती फुगवायचा, आणि कुणाला हे करूच नये. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

२००२ साली फ्रान्समध्ये ॲलन क्रिबिए यांनी शिरेवाटे नवी झडप बसवली. तेव्हापासून या शिक्षणाची मागणी वाढली. पण ती झडप मुख्यतः म्हाताऱ्या माणसांच्या कडक झालेल्या महाधमनीच्या झडपेसाठी, आणि तिचा खर्च लाखांत जातो.

आपल्या वस्तीतला आजार निराळा. एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात, एकाचा घसा धरला की सगळ्यांचा धरतो. त्यातून एखाद्या पोराला ताप येतो, आज गुडघा सुजतो, उद्या मनगट. आठ-पंधरा दिवसांत उतरतं, आपण विसरतो. झडप विसरत नाही. ती आतून चिकटत जाते. मग वीस-बावीसाव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणात, त्या पोरीला दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं. घरातले म्हणतात, "पोटुशी आहे, लागायचाच दम." असं म्हणू नका. तिला लवकर डॉक्टरांकडे न्या, इको काढून घ्या.

या चिकटलेल्या झडपेसाठी जपानच्या कांजी इनोउए यांनी फुगा तयार केला आणि १९८४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. झडप योग्य असेल तर छाती न कापता काम होतं, दोन-तीन दिवसांत घरी येता येतं. मात्र झडपेत चुना साठला असेल, ती फार गळत असेल किंवा कप्प्यात रक्ताची गाठ असेल, तर फुगा चालत नाही. फुगवताना झडप फाटली, तर लगेच ऑपरेशन लागतं.

म्हणून सहीआधी तीन गोष्टी विचारा. फुग्याचं काम स्वतः कोण करणार आणि त्यांनी अशी किती केली आहेत? काही बिघडलं तर हृदयाचे सर्जन याच दवाखान्यात आहेत का? आणि हे काम इथे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का? योजनेचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. कागद घरूनच न्या, रेशनकार्ड आणि आधार. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला इकोचा रिपोर्ट मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

फुगा घातला म्हणजे आजार संपला असं नाही. डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल, तर बरं वाटतंय म्हणून ते बंद करू नका. कॅलेंडरवर खूण करा. ऊसतोडीला जाणार असाल, तर केसपेपर आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख बरोबर न्या आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.