टेन्शन हाडांपर्यंत पोचतं

वारज्याला हायवेच्या पुलाखाली रस्ता ओलांडताना ट्रक अंगावर येतोसं वाटलं की छाती धडधडते. त्याचं श्रेय आपण अ‍ॅड्रेनलिनला देतो. कोलंबिया विद्यापीठातल्या जेरार कार्सेंटी यांच्या गटाने २०१९ मध्ये वेगळंच दाखवलं. घाबरल्यावर काही मिनिटांतच हाडं ऑस्टिओकॅल्सिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतात, आणि शरीराला शांत ठेवणाऱ्या मज्जासंस्थेचा लगाम सुटतो. अ‍ॅड्रेनलिन बनवणाऱ्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी काढलेल्या उंदरांतही हे घडलं. ऑस्टिओकॅल्सिनच्या कामांबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण हाडाला मुका खांब समजणं आता सोडायला हवं.

घटकाभराच्या भीतीने हाड झिजत नाही. महिनोन्महिने पोखरणारी काळजी मात्र वेगळी. आपला साधारण दहा टक्के सांगाडा दरवर्षी नव्याने घडतो: काही पेशी जुनं हाड खरवडतात, काही नवं भरतात. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन दीर्घकाळ चढं राहिलं की भरणाऱ्या पेशी मंदावतात, लवकर मरतात. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीवाटे जास्त जातं. स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे ठळक दिसतं. टेन्शनचं कॉर्टिसॉल त्यामानाने थोडं, म्हणून नुकसानही संथ. दुसरी वाट मज्जातंतूंची. जेरुसलेमच्या राझ यिरमिया यांनी २००६ मध्ये सततच्या ताणाने खचलेल्या उंदरांची हाडं विरळ झालेली दाखवली. या मज्जातंतूंचे संदेश अडवणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिल्यावर ती झीज टळली.

माणसांचं काय? अमेरिकेत पाळी गेलेल्या अकरा हजारांवर स्त्रियांच्या सहा वर्षांच्या नोंदींत नात्यांतल्या ताणाबरोबर हाडांची घट जास्त दिसली. फरक लहान होता, पण होता.

आहाराचं म्हणाल तर, पुण्याजवळच्या खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. दूध, डाळी, पालेभाज्या जास्त खाल्लेल्या आयांच्या मुलांची हाडं सहाव्या वर्षी अधिक भक्कम निघाली. आहाराचं महत्त्व आपल्याला पटलंय. पण अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करता करता रात्रीची झोप हरवलेली बाई डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन येते, तेव्हा कॅल्शियम आणि डी-थ्रीच्या सॅशेवरच बोलणं आटोपतं. तिला झोपेबद्दल विचारायलाच हवं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांचाही हाडांच्या झिजेशी संबंध आढळलाय. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, पण घेत असाल तर हाडांच्या डॉक्टरांना जरूर सांगा.