परदेशी ग्राहकाची किराणा यादी : निम्म्या वस्तू तुमच्याच दुकानात असतात!



"सर, आमच्या भागात हल्ली फॉरेनर खूप राहायला आलेत. इम्पोर्टेड किराण्याचं दुकान टाकलं तर चालेल का?" हा प्रश्न मला पुण्यातून येतो, गोव्यातून तर हमखास येतो. उत्तर देण्याआधी माझीच एक फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी पुण्यात कोरेगाव पार्कच्या बाजूला एका दुकानात माझी भागीदारी होती. आजूबाजूला परदेशी कुटुंबं राहायची. आम्ही दोघांनी उत्साहाच्या भरात १ लाख ८० हजारांचा इम्पोर्टेड माल भरला. पास्ता सॉस, पॅनकेक मिक्स, पीनट बटर, ऑलिव्ह. रॅक काय दिसत होता म्हणून सांगू! पाच महिन्यांनी त्यातला जवळजवळ एक तृतीयांश माल तारीख उलटून काउंटरखालच्या खोक्यात गेला.

याच काळात एक जर्मन बाई दर शनिवारी यायच्या. नवरा चाकणला नोकरीला. त्या रॅकवर नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "क्वार्क?" मी म्हणायचो, "नो मॅडम." एका शनिवारी त्यांनी फ्रीजमधल्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यात होता चक्का. आपला श्रीखंडाचा चक्का! चमचाभर चव दिली आणि बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी एक किलो नेला. पुढच्या शनिवारी त्या दोन मैत्रिणींना घेऊन आल्या.

म्हणजे बघा, ग्राहक दारात, माल फ्रीजमध्ये आणि दुकानदार म्हणतोय "नाही". पैसे मात्र अडकलेत भलत्याच बाटल्यांमध्ये. आजचा लेख याच चुकीबद्दल आहे.

ग्राहकाला नेमकं काय हवं असतं?

आधी आपल्या माणसाचा विचार करा. तुमचा भाऊ नोकरीसाठी जर्मनीला गेला. महिनाभर ब्रेड-चीज खाल्ल्यावर तो काय शोधतो? पोहे, हिंग, मेतकूट. पॅकेटवर कोणत्या कंपनीचं नाव आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रविवारी सकाळी घरी खायचो तसे पोहे झाले पाहिजेत, बस्स. या ओढीवर केवढा धंदा उभा राहू शकतो हे पाहायचं असेल तर अमेरिकेतलं पटेल ब्रदर्स पाहा. १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर एका दुकानापासून सुरुवात झाली आणि आज अमेरिकेतल्या अनेक राज्यांत त्यांची दुकानं आहेत.

आता हेच उलटं करा. चाकणच्या मोटार कारखान्यात आलेला जर्मन, गोव्यात मोरजीला सीझनभर राहणारं रशियन कुटुंब, पुण्यात शिकवायला आलेली अमेरिकन बाई. यांनाही घरचा नाश्ता हवाय, आईच्या हातचा केक हवाय. तो पदार्थ जमला की ते खूश. त्यातली प्रत्येक वस्तू विमानानं आलेली असावी असा त्यांचा हट्ट नसतो.

म्हणून परदेशी ग्राहकाची यादी हातात आली की तिचे तीन भाग करायचे.

भाग पहिला : वस्तू आहे, फक्त नाव वेगळं आहे

हा भाग फुकटातला धंदा आहे. यात भांडवल लागत नाही, माहिती लागते. ही यादी लिहून काउंटरवर चिकटवा.

• क्वार्क : जर्मन माणूस हे नाश्त्याला फळांबरोबर खातो आणि चीजकेकमध्येही घालतो. आपला बिनसाखरेचा ताजा चक्का याच्या अगदी जवळ जातो. क्वार्क थोडं जास्त मऊ असतं, त्यामुळे चक्का जरा फेटून घ्यायला सांगा.

• त्वोरोग : रशियन लोकांचं ताजं चीज. याचे सिर्निकी नावाचे छोटे पॅनकेक नाश्त्याला करतात. कोरडासा चक्का किंवा कुस्करलेलं ताजं पनीर यावर काम भागतं.

• ग्रेच्का : रशियन घरातलं रोजचं धान्य. इंग्रजीत बकव्हीट, आपल्याकडे कुट्टू. उत्तर भारतात याचं पीठ उपवासाला चालतं. पण रशियन माणसाला पीठ नको असतं, त्याला साल काढून भाजलेले अख्खे दाणे हवे असतात. फरक लक्षात ठेवा, नाहीतर पिठाचा पुडा परत येईल.

• सिलँट्रो : अमेरिकन माणसाची कोथिंबीर. ब्रिटिश माणूस तिलाच कोरिअँडर म्हणतो.

• कॉर्नस्टार्च : म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर. गंमत अशी की अमेरिकन ग्राहकानं "कॉर्न फ्लोअर" मागितलं तर त्याला बहुधा मक्याचं पीठ हवं असतं! म्हणून विचारा, "सूप दाट करायला की ब्रेड करायला?"

• बायकार्बोनेट ऑफ सोडा : खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर वेगळी, ती याच्या बदली देऊ नका.

• अनसॉल्टेड बटर : केक करणाऱ्याला बिनमिठाचं लोणी लागतं. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं. डेअरीतलं ताजं पांढरं लोणी किंवा बिनमिठाचं पॅकबंद बटर दाखवा.

• राय : हा सापळा आहे. जर्मन किंवा रशियन माणसाला यातून ब्रेडचं एक धान्य म्हणायचं असतं. आपली मोहरीची राई नव्हे!

भाग दुसरा : वस्तू इथे बनू शकते

गृहउद्योग करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा, कारण खरी कमाई इथे आहे.

*पीनट बटर.* अमेरिकेच्या नियमाप्रमाणे पीनट बटरमध्ये किमान ९० टक्के शेंगदाणा असावा लागतो. म्हणजे वस्तू मुळात काय आहे? भाजलेल्या शेंगदाण्याचं, तेल सुटेपर्यंत वाटलेलं कूट. आपल्या राज्यात शेंगदाण्याला काय तोटा? फक्त शेंगदाणे आणि मीठ एवढंच घालून केलेली ताजी बाटली अनेक परदेशी ग्राहक आनंदानं घेतात.

*ब्राऊन शुगर.* केक-कुकीजच्या रेसिपीत लागते ती ब्राऊन शुगर ओलसर असते, मुठीत दाबली की लाडूसारखी बसते. आपल्याकडे त्या नावानं बरेचदा कोरडी, खडीदार साखर मिळते. ओलसर साखर म्हणजे पांढरी साखर आणि मोलॅसिस. २०० ग्रॅम साखरेला एक मोठा चमचा, एवढंच प्रमाण. मोलॅसिसच्या जागी कोल्हापूरची काकवी वापरली तर चव तंतोतंत तीच येत नाही, पण काम छान होतं.

*सेल्फ रेझिंग फ्लोअर.* ब्रिटिश ग्राहक हे मागतो. मैदा आणि बेकिंग पावडर आधीच मिसळलेलं पीठ, बाकी काही नाही. १५० ग्रॅम मैद्याला दोन छोटे चमचे बेकिंग पावडर. नीट चाळून, वजन आणि तारीख घालून पुडे बांधा.

*ब्रेड.* जर्मन माणूस पिठाचा नंबर विचारतो : ४०५, ५५०, १०५०. घाबरू नका. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते तो हा नंबर. नंबर जितका मोठा, तितका कोंड्याचा अंश जास्त आणि पीठ गडद. ४०५ म्हणजे केकचं पांढरं पीठ, १०५० म्हणजे गडद ब्रेडचं. एवढं समजलं तरी तुमच्या भागातल्या बेकरीवाल्याशी बोलून कोंड्याचा ब्रेड करून घेता येतो. गोव्यात असाल तर पोदेराकडची कोंड्याची पोई आहेच. ती ताजी, त्याच दिवशीची विका.

*क्रीम.* इथे मात्र फसवाफसवी नको. टेट्रापॅकमधल्या आपल्या नेहमीच्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं, ते फेटून फुगत नाही. अमेरिकन हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के आणि ब्रिटिश डबल क्रीममध्ये ४८ टक्के फॅट असतं. आणि बेकरी-सामानाच्या दुकानात मिळणारं बरंचसं "व्हिप क्रीम" वनस्पती तुपासारख्या फॅटचं असतं. ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा. एकदा केक बिघडला की तो ग्राहक गेला आणि त्याचा अख्खा व्हॉट्सअॅप ग्रुपही गेला!

एक महत्त्वाचं : नावात खोटेपणा नको. चक्क्याच्या डब्यावर "चक्का" असंच लिहा आणि खाली "क्वार्कऐवजी वापरता येतो" अशी ओळ टाका. खाद्यपदार्थ बनवून किंवा विकून धंदा करणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना आधी काढा. घरगुती आहे म्हणून सूट नाही.

भाग तिसरा : वस्तू बाहेरूनच आणावी लागते

काही गोष्टींना खरंच पर्याय नाही. ब्रिटिश माणसाचं मार्माइट, ऑस्ट्रेलियन माणसाचं व्हेजिमाइट, कॅनडाचं मेपल सिरप, किमान १२ महिने मुरवलेलं इटलीचं पार्मिजानो चीज. या वस्तू ठेवा, पण मोजून-मापून. आणि घेताना चार गोष्टी तपासा.

१. किती आयुष्य शिल्लक आहे? आयातीचा नियम असा आहे : कस्टम्समधून सुटताना मालाचं ६० टक्के आयुष्य किंवा तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढं शिल्लक असलं पाहिजे. आता गणित करा. एका बाटलीचं आयुष्य १२ महिने. त्याचे ६० टक्के म्हणजे सात महिन्यांहून जास्त. पण "जे कमी असेल ते" म्हटल्यामुळे तीन महिने शिल्लक असले तरी ती बाटली कायदेशीरपणे आत येऊ शकते. तिथून वितरकाच्या गोदामात महिना गेला, तर तुमच्या हातात उरतात दोन महिने! माझ्या खोक्यात गेलेला माल असाच होता. वितरकानं फसवलं नव्हतं, मीच तारीख न बघता "स्कीम" बघितली होती.

२. तारीख कशी लिहिली आहे? अमेरिकन पद्धतीत आधी महिना, मग दिवस. ०४/०८ म्हणजे ४ ऑगस्ट नव्हे, ८ एप्रिल. चार महिन्यांचा फरक पडतो.

३. आयातदाराचं स्टिकर आहे का? आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण आणि एमआरपी. हे नसेल तर माल बॅगेतून आलेला असू शकतो. स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. तपासणी आली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. पक्कं बिल मागून घ्या.

४. अख्खा बॉक्स घ्यायलाच हवा का? समजा बाटली ४०० रुपयांना पडते आणि ५०० ला विकता. १२ बाटल्यांचे ४,८०० रुपये गेले. नऊ विकल्या, आले ४,५००. तीन बाटल्या तारीख उलटून गेल्या. म्हणजे नऊ वेळा विक्री करूनही खिशातून ३०० रुपये गेले! म्हणून वितरकाला सुटा माल मागा किंवा शेजारच्या गावातल्या दुकानदाराबरोबर बॉक्स वाटून घ्या.

गोव्यातल्या मित्रांसाठी खास सूचना. तुमचा परदेशी ग्राहक मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. फेब्रुवारीत बाटल्यांची मोठी ऑर्डर देणं म्हणजे पावसाळ्यात त्या बाटल्यांची पूजा करणं. पुण्या-चाकणचं तसं नाही, तिथली कुटुंबं नोकरीच्या करारावर येतात आणि वर्षभर राहतात. पण करार संपला की एकदम निघून जातात, हेही ध्यानात ठेवा.

"नाही"ची वही

आता कामाची गोष्ट. आजच एक दहा रुपयांची वही आणा. ग्राहकानं जी वस्तू मागितली आणि तुम्ही "नाही" म्हणालात, ती वस्तू त्यात लिहायची. तारीख, वस्तू आणि पुढे एक प्रश्न : "यातून तुम्ही काय बनवता?" भाषा अडली तर मोबाइलवर फोटो दाखवायला सांगा. पदार्थ कळला की वस्तू कोणत्या भागात बसते ते कळतं.

वेगवेगळ्या तीन ग्राहकांनी तीच वस्तू मागितली तरच पुढे जायचं. पहिल्या भागातली असेल तर दुसऱ्या दिवशी नमुना द्या. दुसऱ्या भागातली असेल तर अर्धा किलो बनवून चव द्या. तिसऱ्या भागातली असेल तर आधी नावं आणि थोडा अॅडव्हान्स घ्या, मगच ऑर्डर द्या.

त्या इम्पोर्टेड रॅकमधली वर्षभर टिकलेली वस्तू सांगू? मोहरीच्या दोन प्रकारच्या बाटल्या, इतकंच. बाकी रॅकवर नंतर चक्का, लोणी, कोंड्याचा ब्रेड आणि शेंगदाण्याचं ताजं बटर आलं. रॅक आधीसारखा चकाचक दिसत नव्हता, पण काउंटरखालचं खोकं रिकामं झालं.

तेव्हा मित्रांनो, भांडवल घालायच्या आधी पंधरा दिवस ही वही भरा. मग त्यातल्या पहिल्या पाच वस्तू मला कमेंटमध्ये कळवा. कोणती वस्तू कोणत्या भागात जाते ते पुढच्या व्हिडिओत आपण मिळून ठरवू.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, "नाही" म्हणण्याआधी एकदा फ्रीज उघडून बघा!