कोडे सुटण्याआधीच डोळ्यांना कळते!

शब्दकोडे सोडवणाऱ्या माणसाकडे कधी नीट पाहिले आहे का? हात थांबलेला असतो, पेन्सिल ओठांवर टेकलेली असते. आपल्याला वाटते, गाडी अडली. पण त्याच्या डोळ्यांकडे पाहा. ते या अक्षरावरून त्या अक्षरावर सारखे उड्या मारत असतात. विचार आत चालतो, त्याची चाहूल मात्र बाहेर डोळ्यांत लागते.

नरखेड तालुक्यात शिक्षकी करताना मी फळ्यावर आपल्याच गावांची नावे उलटसुलट करून लिहीत असे आणि मध्ये एक जास्तीचे अक्षर घुसडून देत असे. उदाहरणार्थ : व, गा, म, सा, र, व. यातले एक अक्षर फालतू आहे. उरलेल्या पाचांतून तालुक्यातले एक गाव तयार होते. वाचकहो, तुम्हीही पाहा जमते का. मुले आधी ‘गाव’ शोधत, कारण आपल्याकडे कितीतरी नावांच्या शेवटी ते असतेच. मग उरलेल्या चार अक्षरांवर नजर घुटमळे आणि थोड्या वेळाने आवाज येई, ‘सावरगाव!’

ही नजर चालते कशी? आपल्याला वाटते, समोरचे सगळे एकदम स्वच्छ दिसते. तसे नसते. हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख जेवढी जागा व्यापते, साधारण तेवढाच भाग डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतो. म्हणून वाचताना नजर एका ठिकाणी सुमारे पाव सेकंद थांबते, मग पुढे उडी घेते. पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांनी १८७९च्या सुमारास वाचणाऱ्यांच्या या उड्यांविषयी लिहिले. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. खात्री करायची तर आरशासमोर उभे राहा आणि आपल्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे पाहा. स्वतःचे डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारच्याला मात्र दिसतील.

कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पडद्यावर पाच इंग्रजी अक्षरे गोलाकार मांडली. चार अक्षरांचा शब्द बनायचा, एक व्यंजन फालतू. लोक कोडे सोडवत असताना त्यांची नजर कुठे किती वेळ थांबते, हे यंत्राने टिपले. सुरुवातीला फालतू अक्षराकडे आणि कामाच्या अक्षरांकडे नजर सारखीच जात होती. पण उत्तर देण्याच्या काही सेकंद आधीपासून फालतू अक्षरावरची नजर हळूहळू कमी होत गेली. ‘मला एकदम सुचले’ असे सांगणाऱ्यांच्या बाबतीतही तेच दिसले. म्हणजे उत्तर वीज चमकावी तसे आले असे वाटते, तेव्हाही आतली चाळणी आधीपासून चालू असते.

यावरून कुणी डोळे पाहून मन ओळखण्याचा धंदा मांडू नये. नजर कुठे आहे ते दिसते. मनात नेमके काय आहे ते दिसत नाही. अमुक बाजूला पाहिले म्हणजे माणूस खोटे बोलतो, हा समज ब्रिटनमध्ये रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी तपासला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत त्याला काहीच आधार सापडला नाही.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. प्रश्न विचारला की मूल छताकडे किंवा खिडकीबाहेर पाहू लागते. आपण लगेच दरडावतो, ‘वर का पाह्यतं बे, आढ्यावर लिहून हाय का उत्तर?’ ब्रिटनमधील फिओना फेल्प्स आणि ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन यांना याच सवयीत मुलांचा फायदा दिसला. त्यांच्या २००६च्या अभ्यासात पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर दुसरीकडे वळवायला शिकवले, तर त्यांची उत्तरे अधिक बरोबर आली. कारण साधे आहे. समोरच्याचा चेहरा वाचणे हेही मेंदूला कामच असते. नजर वळवली की तेवढी ताकद प्रश्नासाठी मोकळी होते.

छताकडे पाहणारे प्रत्येक मूल विचारच करत असते, असा माझा दावा नाही. पण ते ठरवायला थोडा वेळ थांबावे लागते. शिष्यवृत्तीच्या तयारीत आपण मुलांना घड्याळाच्या काट्यावर पळवतो आणि गप्प राहिलेल्याला ‘ढ’ ठरवून पुढच्याला उभे करतो. कदाचित त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांनी फालतू अक्षर बाजूला सारलेले असते, फक्त ओठांपर्यंत उत्तर यायचे असते. शिक्षकांनी आणि पालकांनी तेवढे पाच-सात सेकंद मुलांना द्यावेत. त्याला पैसा लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)