जामा मशीद (दिल्ली)

जामा मशीद ही भारताची राजधानी दिल्ली येथील जुन्या शहरात असलेली ऐतिहासिक मशीद आहे. मुघल बादशहा शाहजहान याने ती सतराव्या शतकात बांधविली. तिचे मूळ नाव ‘मस्जिद-ए-जहाँनुमा’ असे आहे. भारतातील सर्वांत मोठ्या मशिदींमध्ये तिची गणना होते. तिच्या अंगणात एकाच वेळी सुमारे २५,००० लोक नमाज पढू शकतात. प्रार्थनास्थळ असण्याबरोबरच ही मशीद गेली साडेतीन शतके दिल्लीकरांचे एकत्र येण्याचे ठिकाणही राहिली आहे.

नाव

‘जामा’ हा शब्द ‘एकत्र आणणारी’ या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला आहे. शुक्रवारची सामुदायिक नमाज जेथे होते, ती शहराची मुख्य मशीद म्हणजे जामा मशीद. मराठीत रुळलेले ‘जमा’, ‘जमाव’ आणि ‘जमाबंदी’ हे शब्द त्याच अरबी धातूशी नाते सांगतात.

इतिहास

शाहजहानने आग्र्याहून राजधानी हलवून शाहजहानाबाद हे नवे नगर वसविले. त्या नगरातील भोजला पहाडी या टेकडीवर १६५० मध्ये मशिदीची पायाभरणी झाली आणि १६५६ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. बांधकामाची देखरेख वजीर सादुल्ला खान याच्याकडे होती. या कामावर सुमारे दहा लाख रुपये खर्च झाल्याचे सांगितले जाते. मशिदीच्या पहिल्या इमामांना मध्य आशियातील बुखारा येथून बोलाविण्यात आले. त्यांच्या घराण्याकडे हे पद आजही आहे.

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली आणि मशीद जप्त केली. तेथे सैन्याचा तळ पडला, नमाज बंद झाली. ही वास्तू पाडून टाकावी, येथपर्यंत सूचना पुढे आल्या. त्या अमलात आल्या नाहीत. मात्र किल्ला व मशीद यांच्या परिसरातील दाट वस्ती जमीनदोस्त करण्यात आली. त्यातच शाहजहानच्या काळातील अकबराबादी मशीदही नाहीशी झाली. कवी मिर्झा गालिब यांच्या पत्रांत या उजाड झालेल्या परिसराची वर्णने आढळतात. १८६२ मध्ये काही अटी घालून जामा मशीद मुसलमानांना परत देण्यात आली. आज मशिदीसमोर दिसणारा मोकळा भाग बऱ्याच अंशी त्या पाडापाडीतून निर्माण झाला आहे.

सार्वजनिक जीवनातील स्थान

रौलट कायद्याविरुद्धच्या आंदोलनात ३० मार्च १९१९ रोजी दिल्लीत गोळीबार झाला. त्यानंतर ४ एप्रिल रोजी आर्य समाजाचे नेते स्वामी श्रद्धानंद यांना मशिदीत भाषणासाठी नेण्यात आले. तेथे त्यांनी वेदमंत्राने आरंभ करून हिंदू-मुस्लिम ऐक्याचे आवाहन केले.

फाळणीच्या दंगलींनी दिल्लीतील मुसलमान भयभीत होऊन पाकिस्तानची वाट धरीत असताना, ऑक्टोबर १९४७ मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांनी याच ठिकाणी भाषण करून त्यांना आपली भूमी न सोडण्याची कळकळीची विनंती केली. ‘भारत छोडो’ आंदोलनाच्या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवास भोगलेले आझाद २२ फेब्रुवारी १९५८ रोजी निवर्तले. त्यांची कबर मशीद व लाल किल्ला यांच्या दरम्यान आहे.

वास्तुरचना

भारतातून मक्का पश्चिमेच्या दिशेस येते. त्यामुळे प्रार्थनागृह अंगणाच्या पश्चिम बाजूस असून मुख्य दरवाजा पूर्वेस, लाल किल्ल्याच्या दिशेला आहे. बादशहा याच दरवाजाने येत असे. उत्तर व दक्षिण दिशांसही दरवाजे आहेत. तिन्हींपुढे तांबड्या दगडाच्या रुंद पायऱ्या आहेत. टेकडीवरील उंच जोत्यामुळे ही वास्तू भोवतालच्या गल्ल्यांवरून दूरवर दिसते.

बांधकामात लाल वालुकाश्म व पांढरा संगमरवर वापरला आहे. प्रार्थनागृहावर काळ्या पट्ट्यांनी सजविलेले संगमरवरी तीन घुमट आहेत आणि दोन्ही टोकांना सुमारे ४० मीटर उंचीचे मिनार आहेत. दर्शनी भागात मधल्या उंच कमानीच्या दोन्ही बाजूंस पाच-पाच कमानी असून त्यांच्यावरील पट्टिकांत बांधकामाची हकिकत फारसीत कोरली आहे. प्रार्थनागृहाच्या संगमरवरी फरशीवर काळ्या रेघांनी चटयांसारखे चौकोन आखले आहेत. अंगणाच्या मध्यभागी नमाजापूर्वी हातपाय धुण्यासाठी (वजू) हौद आहे.

परिसर

पूर्वेकडील पायऱ्यांजवळ सूफी कवी सरमद याची कबर आहे. औरंगजेबाच्या कारकिर्दीत त्याचा शिरच्छेद करण्यात आला होता. याच बाजूस मीना बाजार आहे. दक्षिणेस मटिया महल हा खाद्यपदार्थांसाठी प्रसिद्ध असलेला भाग आहे. मशिदीमागून जाणाऱ्या चावडी बाजाराच्या नावाची व्युत्पत्ती मराठी ‘चावडी’ या शब्दाशी जोडली जाते. लग्नपत्रिका, कागद व धातूच्या वस्तूंचा घाऊक व्यापार येथे चालतो.

भेट

दिल्ली मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेवरील ‘जामा मशीद’ स्थानक मशिदीला सर्वांत जवळचे आहे. पिवळ्या मार्गिकेवरील चावडी बाजार स्थानकातूनही पायी जाता येते. सर्व धर्मांच्या व्यक्तींना आत प्रवेश आहे. मात्र नमाजाच्या वेळी पर्यटकांना थांबावे लागते. पादत्राणे दाराशी काढावी लागतात व अंगभर वस्त्रे अपेक्षित असतात. उन्हाळ्यात अंगणातील दगड फार तापतो, म्हणून सकाळची वेळ सोयीची ठरते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुरुष सोबतीविना येणाऱ्या मुलींना प्रवेश नाकारणाऱ्या पाट्या दरवाजांवर लागल्या होत्या. त्यावर मोठी टीका झाली. दिल्लीच्या नायब राज्यपालांनी इमामांशी बोलणे केल्यानंतर हा आदेश मागे घेण्यात आला.

जतन

ही मशीद केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. तरीही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे वेळोवेळी दुरुस्तीची कामे केली आहेत. १४ एप्रिल २००६ रोजी अंगणात झालेल्या दोन स्फोटांत अनेक जण जखमी झाले. मे २०२२ मधील वादळात मधल्या घुमटाचा कळस मोडून पडला. नित्य नमाजाची जागा, पर्यटनस्थळ आणि जपावयाचा वारसा या तिन्ही भूमिका एकाच वास्तूला सांभाळाव्या लागत असल्याने तिच्या देखभालीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला आहे.