पेट्रोलची गाडी मद्यार्कावर

साखर कारखान्यात उसाच्या रसाची साखर झाल्यावर जी काळी, दाट मळी उरते, तिच्यापासून मद्यार्क काढतात हे तुम्हांस ठाऊक असेलच. यालाच इथेनॉल म्हणतात. 2025 सालापासून आपल्या देशातील पंपांवरच्या पेट्रोलात तो शेकडा 20 या प्रमाणात मिसळलेला असतो. तेव्हा हे नवे इंधन काय आहे व ते जुन्या गाडीस कसे मानवते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण कलाशाखेचे. तथापि हा विषय इतका सुबोध आहे, की त्यास शास्त्राची पदवी लागत नाही.

गोव्यात काजूची भाटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मद्यार्काची कृती निराळी सांगावयास नको. गोड रस आंबवावयाचा, तापवावयाचा आणि वाफ थंड करून गोळा करावयाची. मात्र फेणीत निम्म्याहून अधिक पाणी असते. पेट्रोलात मिसळावयाचा मद्यार्क जवळजवळ निर्जल असावा लागतो. कारण पाण्याचा अंश वाढला, की मद्यार्क व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात.

अमेरिकेतील आयोवा, नेब्रास्का या मक्याच्या प्रांतांत शेतकऱ्याच्या दारी पेट्रोलवर चालणारा पिकअप ट्रक हटकून दिसतो. तेथे मक्यापासून काढलेला मद्यार्क ‘ई-85’ या नावाने विकला जातो. त्यात मद्यार्काचे प्रमाण ऋतुमानाप्रमाणे शेकडा 51 ते 83 असते. पेट्रोल व हे इंधन कोणत्याही प्रमाणात एकाच टाकीतून चालवू शकणाऱ्या गाडीस ‘फ्लेक्स फ्युएल’ गाडी म्हणतात. अशा गाड्या कारखान्यातूनच तयार होऊन येतात. परंतु जुना ट्रकही तसा करून घेता येतो.

आता अडचण कोठे येते ते पाहू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. एक किलो मद्यार्कास 9 किलोच पुरते, कारण त्याच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. इंजिन दर फेरीस हवा तेवढीच ओढते. म्हणजे त्याच हवेबरोबर इंधन अधिक द्यावयास हवे. शुद्ध मद्यार्क असेल, तर सुमारे दीडपट. तसे न केल्यास मिश्रण विरळ होऊन गाडी आचके देते व तिची शक्ती जाते.

नव्या गाडीत इंधनाची फवार सोडणारे इंजेक्टर असतात. ते दर वेळी सेकंदाचे काही सहस्रांश उघडे राहतात. रूपांतर करताना गाडीचा संगणक आणि इंजेक्टर यांच्यामध्ये एक पेटी बसवितात; ती हा काळ लांबविते. मद्यार्क किती आहे हे तिला कसे कळते? विजेच्या बाबतीत पेट्रोल व मद्यार्क यांचे गुणधर्म फार भिन्न आहेत. नळीत बसविलेला संवेदक त्यावरून प्रमाण ओळखतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंधनाचे छिद्र मोठे करता येते. पण मग तीच गाडी पेट्रोलवर नीट चालत नाही.

याखेरीज मद्यार्क काही जातींचे रबर फुगवितो व काही धातू गंजवितो. म्हणून नळ्या, वॉशर व पंप तपासावे लागतात. टाकीतील जुना गाळही तो सोडवितो. तेव्हा प्रारंभी गाळणी बदलावी. थंडीत त्याची वाफ लवकर होत नाही, म्हणून गाडी सुरू होण्यास वेळ लागतो. आपल्याकडील मालवाहू पिकअप बहुतांशी डिझेलचे. त्यांस ही युक्ती लागू नाही, कारण मद्यार्क केवळ दाबाच्या उष्णतेने सहजी पेटत नाही. शिवाय आपल्याकडे गाडीत असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची संमती लागते.

खर्चाचा हिशेब ब्राझीलमधील गृहस्थास तोंडपाठ असतो. एक लिटर मद्यार्कात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते. म्हणून मद्यार्काचा दर पेट्रोलच्या दराच्या शेकडा 70 हून कमी असेल, तरच तो घ्यावा, असा तेथील व्यवहार आहे. पेट्रोल 100 रुपये असताना मद्यार्क 80 रुपयांस मिळाला, तर स्वस्त दिसूनही तो महागच पडेल! त्या देशाने तेलटंचाईनंतर, 1975 साली, उसाच्या मद्यार्काची योजना आरंभिली. 1979 साली केवळ मद्यार्कावर चालणारी मोटार तेथे विक्रीस आली. पण पुढे 1989च्या सुमारास मद्यार्काचाच तुटवडा पडला आणि लोकांच्या गाड्या खोळंबल्या. 2003 साली दोन्ही इंधनांवर चालणारी मोटार आली, तेव्हा कोठे ग्राहकास निवड करण्याचे स्वातंत्र्य मिळाले.

हा धडा आपल्यासही विचारात घेण्याजोगा आहे. बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूस मद्यार्कामुळे कारखान्यास आणि पर्यायाने ऊसकऱ्यास एक नवे उत्पन्न लाभले आहे. परंतु ऊस हे तहानलेले पीक. पाऊस कमी झाला म्हणून 2023च्या डिसेंबरात केंद्र सरकारने उसाच्या रसापासून मद्यार्क करण्यास मनाई केली व ती नंतर सैल केली. म्हणजे टाकीत पडणाऱ्या थेंबामागे शेतातील पाणी व ताटातील साखर उभी असते. परदेशी तेलावरचे अवलंबन कमी व्हावे, ही आकांक्षा रास्तच आहे. पण तिचे मोल आपल्या विहिरी व नद्या किती देतात, हाही हिशेब तुमच्या पिढीने मांडावयास शिकले पाहिजे.